पाऊचमध्ये चावी होती, तरी गाडी गेली

या वेळी विषय धंदा वाढवण्याचा नाही, धंदा ज्या चार चाकांवर चालतो ती जागेवर ठेवण्याचा आहे. व्हिडिओत अठरा मिनिटांत जे बसलं नाही ते इथे सविस्तर लिहितोय. आणि एक गोष्ट कॅमेऱ्यासमोर बोलायला जड गेली, तीही इथे लिहितो.

सोमवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. मी अजून दुकानाचं शटरही उघडलं नव्हतं. फोन आला.

"दादा, गाडी नाहीये."

माझ्या शनिवार-रविवारच्या बॅचचा हा मुलगा. वय सव्वीस. अंबड एमआयडीसीतल्या दोन कंपन्यांचा स्टाफ ने-आण करायचं काम त्याने स्वतः फिरून मिळवलं होतं. त्यासाठी तीन वर्षं जुनी, पिवळ्या पाटीची, पुश स्टार्टवाली सात सीटर घेतली. हप्ता अठरा हजार चारशे. घरात आई आणि धाकटी बहीण, कमावणारा हा एकटा. पहिली ट्रिप पावणेआठची होती, आणि पार्किंगमध्ये जिथे गाडी असायची तिथे फक्त ऑइलचा डाग होता.

दोन महिन्यांपूर्वी त्याने माझ्याच दुकानातून चावी ठेवायचा सिग्नल ब्लॉक करणारा पाऊच घेतला होता. अडीचशे रुपये. पैसे घेताना मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवतं: "आता बिनधास्त झोप." एवढ्या एका वाक्यासाठी मी हा सगळा लेख लिहितोय असं समजा.

आधी हे समजून घ्या की कीलेस गाडी उघडते कशी. खूप जण समजतात की चावी सतत काहीतरी सिग्नल सोडत असते आणि गाडी तो पकडते. उलट आहे. तुम्ही हँडलला हात लावता किंवा त्यावरचं छोटं बटण दाबता, तेव्हा गाडी एक हळू आवाजातली हाक मारते. ही हाक साधारण १२५ किलोहर्ट्झची असते आणि मुद्दामच इतकी अशक्त ठेवलेली असते की मीटर-दोन मीटरच्या आत असलेल्या चावीलाच ती ऐकू यावी. चावी जागी होते आणि उत्तर देते, ते मात्र वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर, आपल्याकडे बहुतेक गाड्यांत ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास. हे उत्तर लांबपर्यंत जातं. उत्तर सांकेतिक भाषेत असतं, दर वेळी वेगळं असतं, त्यामुळे ते नुसतं रेकॉर्ड करून परत वाजवलं तर गाडी फसत नाही. इथपर्यंत सगळं उत्तम.

घोळ कुठे आहे? गाडी असं धरून चालते की ज्याअर्थी चावीने उत्तर दिलं, त्याअर्थी चावी जवळ आहे. चोर कोड फोडायच्या भानगडीत पडतच नाही. तो फक्त हाक लांबवतो. एक जण गाडीपाशी, दुसरा तुमच्या दाराबाहेर किंवा खिडकीखाली अँटेना घेऊन. गाडीची हाक पहिला पकडतो, दुसऱ्याकडे पाठवतो, दुसऱ्याची अँटेना ती घरातल्या चावीला ऐकवते. चावी बिचारी प्रामाणिक, ती उत्तर देते. दार उघडतं, बटण दाबलं की इंजिन चालू. आणि एकदा चालू झालं की चावी दूर गेली म्हणून गाडी बंद पडत नाही, फक्त टिंग टिंग करून सांगते की चावी सापडत नाही. हायवेवर चावीचा सेल संपला म्हणून इंजिन बंद पडलं तर माणसं मरतील, म्हणून कंपन्यांनी ते तसं ठेवलंय. बरोबरच आहे ते. पण चोरालाही ते सोयीचं पडतं.

याला रिले अटॅक म्हणतात आणि ही काही कालची गोष्ट नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या तीन संशोधकांनी २०११ मध्ये यावर पेपर वाचला. आठ कंपन्यांच्या दहा गाड्या घेतल्या, दहाही फसल्या. इंग्लंडमध्ये वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये सीसीटीव्हीचा एक व्हिडिओ जाहीर केला होता. सोलीहल भागात घरासमोर उभी असलेली मर्सिडीज दोघं जण अशीच घेऊन जातात. काच फुटत नाही, अलार्म वाजत नाही, मिनिटभरात खेळ संपतो. जर्मनीचा ऑटोमोबाईल क्लब एडीएसी तर गेली कित्येक वर्षं शेकडो मॉडेलवर ही टेस्ट करतोय आणि बहुतेक गाड्या नापास होतात.

माझी मावसबहीण कॅनडात मिसिसागाला असते. तिच्या गल्लीत लोक लाखो रुपयांच्या गाडीला पिवळाधमक स्टीअरिंग लॉक लावून झोपतात, आपल्याकडे पूर्वी मारुती ८०० ला लावायचे तसा. तिकडे परिस्थिती अशी झाली की फेब्रुवारी २०२४ मध्ये ओटावाला गाडीचोरीवर राष्ट्रीय परिषद घ्यावी लागली. टोरांटोकडच्या गाड्या कंटेनरमध्ये भरून मॉन्ट्रियल बंदरातून बाहेर पाठवल्या जात होत्या.

आता आपल्या मुलाकडे येऊ.

मी साडेआठला त्याच्या सोसायटीत पोहोचलो. समोरच्या किराणा दुकानाचा कॅमेरा पार्किंगच्या गेटवर होता. शेठजींनी फुटेज दाखवलं. तीन वाजून बारा मिनिटं. एक माणूस, टोपी घातलेला, चालत येतो. हातात अँटेना नाही, पाठीवर सॅक नाही. गाडीपाशी जातो, इंडिकेटर दोनदा चमकतात, आत बसतो, गाडी बाहेर. चाळीस सेकंद. आपण आपली गाडी जशी काढतो तशीच.

माझ्या पोटात गोळा आला, कारण पहिला विचार हाच की पाऊच फेल गेला. त्याच्याकडून पाऊच घेतला, खाली आलो, माझ्या गाडीची चावी त्यात टाकली, माझ्याच गाडीच्या हँडलला चिकटवून धरली आणि बटण दाबलं. नाही उघडली. दहा वेळा केलं. पाऊच उत्तम होता. शिवाय घर तिसऱ्या मजल्यावर, चावी बेडरूमच्या कपाटात, आणि चोर एकटा. हा रिलेचा प्रकार वाटत नव्हता.

मग मी विचारलं, "दुसरी चावी कुठेय?"

तो गप्प. मग म्हणाला, "दुसरी मिळालीच नव्हती. विकणारा बोलला हरवली. पाच हजार कमी केले त्याने."

मंडळी, मी कोणावर आरोप करत नाही. ती चावी खरंच हरवली असेल, ती कोणाला सापडली असेल, किंवा कोणी टॅबलेटवर नवीन चावी बनवून घेतली असेल. तपास पोलिसांचा आहे. पण एवढं नक्की, की गाडीने त्या माणसाला मालक म्हणून ओळखलं. पाऊच घरातल्या एका चावीचा बंदोबस्त करत होता. गाडी ज्या ज्या चाव्यांना ओळखत होती त्यांचा हिशोब कोणीच केला नव्हता. त्याने नाही, आणि पाऊच विकताना मीही नाही.

म्हणून सेकंडहँड गाडीवर धंदा सुरू करणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, आणि आपल्या बॅचमधले निम्मे जण सेकंडहँडच घेतात. गाडी नावावर करायच्या आधी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या. स्कॅनर लावला की गाडीत किती चाव्या नोंदलेल्या आहेत ते कळतं. तुमच्या हातातल्या सोडून बाकी सगळ्या काढून टाकायला सांगा आणि हातातल्या नव्याने नोंदवून घ्या. दुसरी चावी नसेल तर नवीन बनवा. महाग पडते, हो. पुश स्टार्टवाल्या चावीचा खर्च ऐकून घाम फुटतो. तो खर्च गाडीच्या किमतीतूनच वळता करून घ्यायचा असतो. पाच हजारांची सूट म्हणजे तुम्ही फायद्यात राहिलात असं नाही. समोरच्याने एक मोठं काम तुमच्या गळ्यात टाकलं.

आणि चावी देताना जरा जपून. वॉशिंग सेंटर, हॉटेलची व्हॅले पार्किंग, महिनाभर ठेवलेला बदली ड्रायव्हर. नवीन चावी नोंदवायला गाडी आणि ओबीडी पोर्ट मिळाला की पुरे. हा पोर्ट म्हणजे स्टीअरिंगखाली असलेलं सोळा पिनांचं सॉकेट, मेकॅनिक स्कॅनर लावतो तेच. दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या अनेक टोळ्यांकडे असे की प्रोग्रामिंगचे टॅब सापडलेत. पद्धत साधी. कसंतरी आत शिरायचं, पोर्टला टॅब जोडायचा, कोरी चावी नोंदवायची, निघायचं. माझं वैयक्तिक मत विचाराल तर आपल्याकडे अँटेनावाल्या चोरापेक्षा या टॅबवाल्या चोराची जास्त काळजी करावी. पण लोक दुकानात येऊन पाऊच मागतात, कारण रील पाऊचची पाहिलेली असते.

अजून एक प्रकार आहे, तो ऐकून मी स्वतः थक्क झालो होतो. लंडनला इयन टेबर नावाचा माणूस राहतो, व्यवसायाने गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक सुरक्षेचाच तज्ज्ञ. २०२२ मध्ये त्याच्या टोयोटा आरएव्ही४ चा पुढचा बंपर कोणीतरी ओढून हेडलाइटची वायर बाहेर काढलेली त्याला दिसली. त्याला वाटलं टवाळ पोरांचं काम. थोड्या दिवसांनी गाडीच गेली. मग त्याने केन टिंडेल या दुसऱ्या तज्ज्ञाला बरोबर घेऊन शोध लावला. गाडीतली अनेक कॉम्प्युटर युनिटं एकाच तारेच्या जोडीवर एकमेकांशी बोलतात, तिला कॅन बस म्हणतात. हेडलाइटचं कनेक्टरही त्याच तारेवर. चोर तिथे एक उपकरण जोडतो आणि ते गाडीला सांगतं की चावी बरोबर आहे, दार उघड. गाडी इतर युनिटांचं ऐकते तसं याचंही ऐकते. उपकरण दिसायला कसं? जेबीएलचा छोटा ब्लूटूथ स्पीकर. प्ले बटण दाबलं की दार उघडतं. २०२३ मध्ये टिंडेल यांनी हे सगळं लिहून जाहीर केलं.

यात चावीचा काही संबंधच नाही. पाऊच सोन्याचा केला तरी उपयोग नाही. तुमच्या गाडीचा बंपर किंवा हेडलाइटजवळचा भाग विनाकारण निखळलेला दिसला तर ठोकर बसली असेल म्हणून सोडून देऊ नका.

मग करायचं काय? मी माझ्या गिऱ्हाइकांना आता जे सांगतो ते सांगतो, आणि त्यातल्या अर्ध्या गोष्टींत माझा एक रुपया मार्जिन नाही.

पहिलं फुकटातलं. गाडीचं मॅन्युअल काढा. ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत असतं, सत्यनारायणाच्या पोथीसारखं, कोणी उघडत नाही. बऱ्याच गाड्यांत कीलेस एंट्री बंद करायची सोय असते, सेटिंगमधून किंवा सर्व्हिस सेंटरमधून. काही टोयोटा गाड्यांच्या चावीत लॉक बटण दाबून धरून अनलॉक दोनदा दाबलं की चावी झोपी जाते, हाकेला उत्तर देत नाही, आणि पुन्हा कुठलंही बटण दाबलं की जागी होते. काही नव्या चाव्यांत हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. टेबलावर थोडा वेळ पडून राहिली की आपोआप झोपते. फोर्डने युरोपात २०१९ मध्ये फिएस्टा आणि फोकसला अशा चाव्या दिल्या. जग्वार लँड रोव्हरने तर २०१८ पासून नव्या मॉडेलांत अल्ट्रा वाइडबँड आणलं, ज्यात सिग्नलला जायला-यायला किती वेळ लागला ते मोजून गाडी चावीचं खरं अंतर काढते. रिलेवरचा खरा इलाज तोच. गाडी घेताना एअरबॅग किती आणि सनरूफ आहे का विचारतो तसं हेही विचारा. सेल्समन गडबडला तरी विचारा.

दुसरं, पाऊच. मायकेल फॅरेडे यांनी १८३६ मध्ये दाखवलेलंच तत्त्व, सगळीकडून धातूने वेढलं की आत-बाहेर लहरी जात नाहीत. पाऊचच्या आत धातूचं कापड असतं. चांगला पाऊच काम करतो, पण त्याची टेस्ट विकणाऱ्याने दुकानात करून दाखवली पाहिजे आणि तुम्ही घरी परत केली पाहिजे. चावी पाऊचमध्ये, पाऊच हँडलजवळ, बटण दाबा. मग गाडीत बसून पाऊच मांडीवर ठेवून स्टार्ट बटण दाबा. दोन्हींपैकी काहीही झालं तरी पाऊच नापास. घडीवर कापड झिजतं, म्हणून महिन्यातून एकदा परत टेस्ट. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबाही चालतो का? कधी चालतो, कधी नाही, हँडलजवळ धरून बघा. चालला तर अडीचशे रुपये वाचले, मला वाईट वाटणार नाही. मायक्रोवेव्हमध्ये मात्र चावी ठेवू नका. सकाळी कोणीतरी दूध गरम करायला जाईल आणि चावी जाईल, ओव्हनही जाईल. आणि दोन्ही चाव्या ठेवा, मंडळी. एक पाऊचमध्ये आणि दुसरी दाराजवळच्या खिळ्याला, असं मी चार घरांत पाहिलंय.

तिसरं, लोखंड. स्टीअरिंग लॉक किंवा मॅन्युअल गाडीला गिअर लॉक. हे दिसायला जुनाट, पण इलेक्ट्रॉनिक चोराकडे ग्राइंडर असेलच असं नाही. त्याचा सगळा खेळ वेळेचा आणि शांततेचा आहे. काचेतून लॉक दिसलं की तो पुढच्या गाडीकडे जायची शक्यता वाढते. ओबीडी पोर्टवर बसवायची लोखंडी पेटीही मिळते. टॅबवाल्यासाठी ती डोकेदुखी. सर्व्हिसिंगला जाताना तिची किल्ली न्यायला विसरू नका, नाहीतर सुपरवायझर मला फोन करतो.

गुप्त स्विच, ज्याला आपण किल स्विच म्हणतो, त्याबद्दल मी हात राखून बोलतो. फ्युएल पंप किंवा स्टार्टरची लाइन तोडणारा छुपा स्विच परिणामकारक असतो यात शंका नाही. पण वायर कापून टेप गुंडाळणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत. त्यातून शॉर्ट सर्किट होतं, गाडी पेटू शकते, आणि वॉरंटीत कंपनी हात वर करते. मी माझ्या दुकानात वॉरंटीतल्या गाडीला बसवत नाही. गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, जाऊ दे. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना तर कोणीही हात लावू देऊ नका.

चौथं, ट्रॅकर. इथे आपल्या मुलाची गोष्ट परत येते. प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांना १ जानेवारी २०१९ पासूनच्या नोंदणीला एआयएस १४० चं लोकेशन डिव्हाइस आणि पॅनिक बटण सक्तीचं आहे. त्याच्या गाडीत ते होतं. पोलिसांनी विचारल्यावर आम्ही मोठ्या आशेने लॉगिन शोधलं. शेवटचं लोकेशन अकरा आठवड्यांपूर्वीचं. सिमचा रिचार्ज जुन्या मालकाच्या नावावर होता, तो संपला, कोणी भरला नाही. डिव्हाइस गाडीत, लाइट चालू, आणि आत जीव नाही. तुमचा ट्रॅकर आत्ता हे वाचता वाचता उघडून बघा. गाडी जिथे उभी आहे तिथे दाखवतोय का? वर्गणी कधी संपते? ती तारीख हप्त्याच्या तारखेशेजारी लिहून ठेवा. काही जण ब्लूटूथ टॅग सीटखाली टाकतात. स्वस्त आहे, जोडीला चालेल, पण अनोळखी टॅग बरोबर फिरतोय असा इशारा तो चोराच्या फोनलाही देतो, कारण कोणाचा पाठलाग होऊ नये म्हणून ती सोय मुद्दाम ठेवलेली आहे.

आणि ढाब्यावर, मॉलच्या पार्किंगमध्ये रिमोटने लॉक करून पाठ फिरवू नका. जवळ जॅमर चालू असेल तर तुमचं बटण गाडीपर्यंत पोहोचतच नाही आणि गाडी उघडीच राहते. इंडिकेटर चमकले का, आरसे मिटले का बघा, दार एकदा ओढून बघा. लॅपटॉप, कॅमेरा, दिवसभराचा गल्ला असाच जातो. ही गोष्ट साध्या रिमोटच्या गाडीलाही लागू आहे.

आता इन्शुरन्स. बॅचमध्ये हा विषय निघाला की लोक चहाला उठतात. त्या सोमवारी आम्ही आधी पोलीस स्टेशनला गेलो, एफआयआर केला. मग कंपनीला फोन, मग ईमेल, मग आरटीओला लेखी कळवलं, मग बँकेला. सगळं त्याच दिवशी. एफआयआर लगेच केला असेल तर फक्त कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारता येणार नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये म्हटलंय, पण त्या भरवशावर राहून कोर्टाची पायरी चढायची हौस कोणाला आहे?

कंपनीने पहिल्या पत्रात मागितलं: आरसी, पॉलिसी, एफआयआर आणि दोन्ही मूळ चाव्या. पत्र वाचून तो माझ्याकडे बघत राहिला. दोन्ही चाव्या का मागतात? गाडी तुम्हीच कोणाला देऊन चोरीचा बनाव केला नाही, किंवा चावी गाडीतच सोडून निष्काळजीपणा केला नाही, हे त्यांना तपासायचं असतं. एकच चावी असली म्हणजे क्लेम मेला असं नाही, पण दुसरी का नाही याचा कागद लागतो. त्याच्याकडे होता एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, विकणाऱ्याचा: "एक चाबी भेटणार, दुसरी नाय." तारखेसकट. तोच आज त्याचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. देवाची कृपा की त्याने चॅट उडवलं नव्हतं. चावी हरवली तर त्याच दिवशी पोलिसांकडे नोंद करा आणि कंपनीला ईमेल टाका. आणि गाडी घेताना व्यवहाराच्या कागदावर किती चाव्या मिळाल्या ते लिहून घ्या.

दोन गोष्टी त्याने बरोबर केल्या होत्या, त्या सांगतो. गाडी नावावर होताच चौदा दिवसांच्या आत त्याने पॉलिसीही स्वतःच्या नावावर करून घेतली होती. थर्ड पार्टी आपोआप नव्या मालकाकडे जातं, चोरीचं कव्हर तसं जात नाही. आणि पाटी पिवळी होती. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीवर भाड्याचा धंदा करणारे आपल्यात कमी नाहीत. त्यांनी आपल्या पॉलिसीतला वापराचा रकाना आज वाचावा. चोरी झाल्यावर वाचून काही होत नाही.

गाडी न सापडल्यास पोलिसांचा अंतिम अहवाल लागतो, आपल्याकडे त्याला ए समरी म्हणतात. गुन्हा खरा, पण शोध लागला नाही. त्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. मंजूर झालेला पैसा आधी बँकेचं कर्ज फेडतो, उरला तर तुमचा. आणि तोपर्यंत हप्ता चालूच. गाडी नाही म्हणून बँक थांबत नाही. मी त्याच्याबरोबर बसून आकडे मांडले: गाडीची आयडीव्ही, शिल्लक कर्ज, हप्ता, आईची औषधं. सगळं सुरळीत झालं तरी हातात येणारी रक्कम नव्या गाडीच्या डाउन पेमेंटला पुरत नाही. जे नवी गाडी घेताय त्यांनी रिटर्न टू इनव्हॉइसचं अ‍ॅड-ऑन काय देतं ते एजंटकडून समजून घ्या. एआरएआय मान्य अँटी-थेफ्ट डिव्हाइस बसवलं की प्रीमियममध्ये सूट मिळते हेही खरं आहे, ओन डॅमेज प्रीमियमच्या अडीच टक्के, जास्तीत जास्त पाचशे रुपये. तेवढ्यासाठी बसवू नका, गाडीसाठी बसवा.

त्याने कंपन्यांचं काम सोडलं नाही. त्याच सोमवारी पावणेआठची ट्रिप मित्राच्या गाडीने मारली, आणि आता महिन्याच्या भाड्याने घेतलेल्या गाडीवर चालवतोय. हप्ता आणि भाडं दोन्ही जाऊन हातात जेमतेम डिझेल उरतं. पण कॉन्ट्रॅक्ट त्याच्या नावावर आहे. भाड्याच्या गाडीची चावी घेताना त्याने मालकाला पहिला प्रश्न कोणता विचारला असेल ते तुम्हाला कळलंच असेल.

आता माझं.

त्याचा पाऊच पास झाला म्हणून मला हायसं वाटलं, पण मी कधीच टेस्ट केली नव्हती हे तर खरंच होतं. त्या रात्री शटर अर्धं ओढून मी उरलेला सगळा माल माझ्या गाडीवर तपासला. शंभर पाऊचचा लॉट मी ऑनलाइन होलसेलमध्ये साठ रुपयांनी उचलला होता. मार्जिन बघून डोळे दिपले होते, बीबीए झालेला माणूस मी, इन्व्हेंटरीचं गणित तोंडपाठ. चौसष्ट शिल्लक होते. त्यातले अकरा नापास. हँडलजवळ धरले की गाडी सरळ उघडायची, जणू चावी खिशातच आहे. म्हणजे विकलेल्या छत्तीसमध्येही काही तसेच असणार, आणि ते घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला मी तेच वाक्य ऐकवलं असणार.

बायको म्हणाली, "फोन कर सगळ्यांना." मी म्हणालो, लोक हसतील, दुकानाचं नाव जाईल. ती म्हणाली, "मग लोकांच्या गाड्या जाऊ देत का?" दुसऱ्या दिवशी बिलबुक काढलं. ज्यांचे नंबर होते त्यांना फोन केले. एक काका चिडले, म्हणाले तुला दुकानदार कोणी केलं. चौघांनी पाऊच परत आणले, पैसे दिले. एकाने घरी टेस्ट केली, फेल निघाला, आणि तो येताना दोन मित्रांना घेऊन आला. त्यांनी स्टीअरिंग लॉक घेतले. मी आता पाऊच काउंटरवर ठेवतच नाही. गिऱ्हाइकाच्या गाडीपाशी जातो, त्याच्याच चावीने टेस्ट करतो, पास झाला तरच बिल. वेळ जातो. आधी दिवसाला तीन विकायचो, आता एखादा. आणि "बिनधास्त झोप" म्हणत नाही. "हा पाऊच एका प्रकारच्या चोरीला अडवतो, बाकीच्यांसाठी हे हे करा" असं सांगतो. ऐकायला तेवढं गोड लागत नाही.

छत्तीसपैकी सात जणांचे नंबर माझ्याकडे नाहीत. रोखीचा व्यवहार, बिल नाही, चूक माझी. म्हणून इथे लिहितोय. नाशिकला माझ्या दुकानातून करड्या रंगाचा, आतून चंदेरी, वर वेल्क्रोची पट्टी असलेला पाऊच घेतला असेल तर आज संध्याकाळी गाडीपाशी जाऊन टेस्ट करा. गाडी उघडली तर पाऊच घेऊन या, पैसे परत मिळतील. बिल लागणार नाही. दुकान सकाळी दहा ते रात्री साडेआठ, बुधवारी बंद.